पिंपळपान, चादर आणि चांदीचा पत्रा

चांदीची गोल चकती रोलिंग मशीनमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या दोन रोलरमध्ये घातली आणि पलीकडून लांबट अंडं बाहेर आलं. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या ज्या काकांकडे मी काम शिकत होते, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आधीच कापलीस व्हय? दाबल्यावर पत्रा लांबणारच की!" म्हणजे आधी कापड, पान असं काही पत्र्यावर ठेवून, मशीनमध्ये दाबून त्याचा पोत उमटवायचा, आकार नंतर कापायचा. बी.कॉम.नंतर दागिन्यांच्या या कामात शिरले, तेव्हाचा हा पहिला धडा.

नवीन असाल तर आधी तांब्याच्या पत्र्यावर हात बसवा. चांदीचं नुकसान खिशाला लागतं.

पत्रा मऊ नसेल तर त्यावर काही उमटत नाही. 925 चांदी, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि बाकी बहुधा तांबं, अंधाऱ्या कोपऱ्यात तापवायची आणि मंद लाल दिसली की ज्योत काढायची. 800 अंशांच्या पुढे गेलात तर ती वितळायला लागते. मला तो रंग कळेचना. मग काकांनी पत्र्यावर मार्करची रेघ ओढायला लावली. रेघ उडाली की थांबायचं. नंतर धुऊन पत्रा अगदी कोरडा करायचा. ओला गेला तर रोलर गंजतो, आणि गंजाचे खड्डे पुढे सगळ्यांच्या पत्र्यावर उमटतात. यावरून मी बोलणी खाल्ली आहेत.

सोलापूरकर म्हणून मी सुरुवात अर्थातच चादरीच्या तुकड्याने केली. साफ फसली. कापड जाड, दाबाखाली सरकलं, नक्षी फिसकटली. गोणपाट मात्र झकास उमटलं. आणि शाळेच्या वहीत जपलेलं जाळीचं पिंपळपान! पत्रा उचलला तर मधली शीर, तिला फुटलेल्या केसाएवढ्या शिरा, सगळं जसंच्या तसं. पानाचा भुगा झाला. एका पानाचा ठसा एकदाच. मशीनमधूनही एकदाच काढायचं, दुसऱ्यांदा घातलं की नक्षी दुहेरी दिसते. पोलादी जाळी मात्र नकोच, रोलरवर वण पडला तर तो काकांचं मशीन आयुष्यभर मिरवेल.

उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या मला कानातल्यात हव्या होत्या. माती काही मशीनमध्ये घालता येत नाही. पितळी पत्र्यावर नेलपेंटने भेगांमधली ढेकळं रंगवली, उघड्या राहिलेल्या रेघा फेरिक क्लोराइडने खाऊ दिल्या. पत्रा पालथा तरंगत ठेवायचा, म्हणजे गाळ खाली पडतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ही पितळी पट्टी तापवायची नाही. ती कडक राहिली तरच मऊ चांदीवर उमटते, पुन्हा पुन्हा.

डाक, म्हणजे सांधा जोडायचा वितळता धातू, देताना हात आखडता ठेवा, नाहीतर ती पळत जाऊन शिरा बुजवते. बफचंही, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाचंही तसंच, दोन मिनिटांत पान गुळगुळीत. मी चांदी ऑक्सिडाइज करून काळी करते आणि वरवरचंच पुसते, खोलगट भाग काळा राहतो.

विकण्याआधी प्रत्येक दागिना आईच्या जुन्या इरकलीच्या पदरावरून फिरवते. धागा अडकला की परत कानस.