खिशातलं हलकं रिव्हॉल्वर: पाचवं काडतूस मोजून घ्या

पाच काडतुसं मावणाऱ्या हलक्या रिव्हॉल्वरच्या जोरदार झटक्याने न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्राच्या, बाहेर डोकावते आणि चक्र अडकतं. ऐन वेळी चाप दाबला जातच नाही. म्हणून एकाच जातीची काडतुसं ढीगभर घेण्याआधी रेंजवर हे करा:

१. पाचव्या काडतुसाची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजा, बुडावर पेनने खूण करा.
२. पाचही भरा, खुणेचं सोडून चार झाडा.
३. ते काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं या रिव्हॉल्वरला नकोत.

कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या मापाचं, म्हणाल तर जास्त जोराच्या .३५७ मॅग्नमचा मोह टाळाच. चारशे ग्रॅमच्या आसपासच्या रिव्हॉल्वरमध्ये दुसऱ्याच गोळीला तळहात झिणझिणतो, मग सराव सुटतो. .३८ स्पेशल पुरतं. तेही जड वाटलं तर १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर गोळी बघा, सपाट तोंडाची, झटका मवाळ. मनगट नाजूक असेल तर .३२ घ्यायला अजिबात संकोच नको.

चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वरची म्यान, हवंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, साधी किल्लीसुद्धा नाही.