वाडीत बीपीचं काम कसं करावं: मोजणीपासून गोळी चालू राहीपर्यंत

गणपतीत चाकरमानी गावाला आले की कुठल्या ना कुठल्या वाडीत आरोग्य शिबिर भरतंच. सभामंडपात बॅनर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, हृदयाच्या चित्रासमोर तासभर भाषण, मग रांग लावून बीपी. ज्यांचं जास्त निघालं त्यांच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी. विसर्जन झालं की मंडळी मुंबईला परत आणि चिठ्ठी कॅलेंडरच्या खिळ्याला. पुढच्या गणपतीत त्याच माणसाला तोच आकडा पुन्हा लिहून देतात. हे इतक्या वेळा पाहिलंय की सगळ्यात आधी एकच सांगते: ज्याचं बीपी मोजणार, त्याची पुढच्या महिन्याची गोळी कुठून येणार हे ठरल्याशिवाय मशीन पिशवीतून बाहेर काढू नका.

हृदयाचं काम बीपीपासूनच का सुरू करायचं? कारण ते वाढलेलं असताना बहुधा काहीच दुखत नाही, मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि ते आटोक्यात राहिलं तर झटका आणि लकवा या दोन्हींचा धोका बराच कमी होतो. बाकी तपासण्या नंतर.

आधी उपकेंद्र

उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा फलक असतो. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि वाडीच्या आशाताईंना भेटा. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे, याद्या त्यांच्याकडे असतात. तुम्ही वेगळी यादी करत बसू नका. विचारायचं ते एवढंच: गोळी आज साठ्यात आहे का, महिन्याची एकदम मिळते का, आणि कुठल्या वारी कोण बसतं.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. त्यातली रीत साधी आहे. सगळ्यांना एकाच ठरलेल्या पायऱ्यांनी औषध, तेही घराजवळ आणि फुकट, प्रत्येकाचं कार्ड, आणि महिन्याने परत मोजणी. वाडीच्या मंडळाने याहून वेगळं काही शोधून काढायची गरज नाही. माणूस महिन्याने परत येतो की नाही, तेवढं आपण सांभाळायचं.

दिवस कुठला

शेतकरी वाडीत लावणी आणि कापणी सोडून. खारवी, गाबीत, दालदी अशा मच्छीमारांच्या वस्तीत बोटी बंदरात असतात तेव्हा, म्हणजे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत. एरवी गेलात तर ज्या पन्नाशीच्या पुरुषाला गाठायचं तोच नेमका समुद्रात असतो.

मोजणी

मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची चढण, चढून आलेल्याला पाच मिनिटं गप्प बसू द्या. मशेरी, तंबाखू, बिडी, चहा यातलं काही घेतलं असेल तर अर्धा तास थांबवा, आणि लघवीला जाऊन यायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्यावर पट्टा बांधतात ते चूक आहे. एक साडी बांधून आडोसा करा, पट्टा उघड्या दंडावरच हवा. मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. मिनिटभराने पुन्हा मोजा.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला किंवा ओलांडला, तरी वेगळ्या दिवशी परत मोजायचं आणि तेव्हाही तसंच निघालं तर डॉक्टरांकडे. १८०/११० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी. गरोदर बाईचं १४०/९० निघालं तरी त्याच दिवशी, तिला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणू नका. आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही. सभामंडपात ‘काकी, तुमचं एकशे ऐंशी!’ असं ओरडणाऱ्या माणसाला परत मशीनपाशी बसवू नका.

गोळी चालू राहणं

या कामात मी सगळ्यात जास्त अडकले ते इथे, म्हणून यावर सविस्तर लिहिते. मोजायला सगळे येतात. गोळी सुरूही करतात, पहिला महिना घेतातही. तिसऱ्या महिन्यात पाकीट मिसळणाच्या डब्यामागे सापडतं.

एका आजींनी फळीवरून पाकीट काढून दाखवलं. दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या गेलेल्या, त्याही मधल्या-मधल्या. विचारलं तर म्हणाल्या, “डोक्या दुखता तेवा घेतंय.” आजींनी औषध अगदी समजून-उमजून घेतलं होतं, फक्त ते डोकेदुखीचं आहे असं समजून. पाकीट देताना ‘ही बीपीची, रोज एक’ एवढं सांगून भागत नाही ते यामुळे. काही दुखत असो वा नसो, ही रोजच घ्यायची आहे, आणि बीपी वाढलेलं असताना बहुधा काही दुखतच नाही, हे त्यांच्या तोंडून परत वदवून घ्या.

दुसरा प्रश्न घरोघर येतो: “माका काय झालेला नाय, मगे गोळी कित्याक?” आणि त्याच्या पाठोपाठ, एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटत नाही. यावर काही जण सरळ खोटं बोलतात, ‘दोन महिने घ्या, मग बघू.’ असं कधीच सांगू नका. दोन महिन्यांनी माणूस तुमच्याच शब्दावर गोळी बंद करतो. खरं ते सांगा: बहुतेकांना ती वर्षानुवर्षं, पुष्कळांना जन्मभर घ्यावी लागते. गोळीची चटक लागते म्हणून नाही, बीपी वाढायचं कारण अंगात तसंच राहतं म्हणून. मी शाकारणीचा दाखला देते. गेल्या पावसात घर गळलं नाही म्हणून यंदा कौलं शाकारायची कुणी सोडत नाही. हे ज्याने स्वतः छपरावर चढून कौलं परतलीत त्याला लगेच पटतं.

सगळ्यात धोक्याची भेट कुठली, तर ज्या दिवशी आकडा १३० वर आलेला असतो ती. माणूस खूश, आपण खूश, आणि घरी जाऊन गोळी बंद, कारण ‘बीपी गेलं’. म्हणून हे मोजणीनंतर नाही, मोजणीच्या आधी सांगायचं: आज आकडा उतरलेला दिसला तर गोळी लागू पडतेय, म्हणजे ती चालूच ठेवायची. कमी करायची की बंद करायची हे डॉक्टर ठरवतील.

गोळी रोजच्या कुठल्या तरी कामाला जोडून द्या. ‘सकाळी आठ वाजता’ हे वाडीत चालत नाही. देवापुढची दिवाबत्ती झाली की, किंवा सकाळची पेज झाली की, असं जोडलेलं टिकतं. काय जोडायचं ते त्या माणसालाच ठरवू द्या. संकष्टी, एकादशीला ‘आज उपास’ म्हणून गोळी राहते. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडत नाही हे सासूबाईंच्या समोर सांगा, सुनेला एकटीला सांगून उपयोग नाही. रोजाच्या महिन्यात दिवसातून एकदाची गोळी सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते, वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारायचं. खलाशी चार-पाच दिवस बोटीवर असतात, त्यांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून बोटीवर वेगळ्या ठेवायच्या. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगून ठेवलं तर तो आठवण करतो, मी पाहिलंय.

बहुतेकांची पहिली गोळी अॅम्लोडिपिन असते. तिने काहींच्या घोट्याला सूज येते, आणि ‘किडनी खराब झाली’ असं शेजारीण सांगते. सूज येऊ शकते, आली तर गोळी मनाने बंद न करता दाखवायला यायचं, डॉक्टर बदलून देतात, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंत की निम्मी भीती जाते. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मुंबईच्या मुलाने वेगळी गोळी पाठवली तर दोन्ही पाकिटं उपकेंद्रात नेऊन दाखवायची. पुष्कळदा एकच औषध दोन नावांनी असतं, आणि आई दोन्ही घेत असते.

पहिली भेट महिन्याने नाही, पहिल्या आठवड्यातच द्या. काही जण तेव्हाच बंद करतात. गेलात की पाकीट बघायला मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. ‘घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘होय’च येतं. गोळ्या जास्त उरल्या असतील तर रागावू नका, ‘कुठल्या दिवशी राहिल्या?’ असं विचारा. एकदा रागावलात की पुढच्या वेळी गोळ्या चुलीत जातील आणि पट्टी रिकामी दिसेल.

त्यानंतरचं काम बचतगटाकडे द्या. महिन्याची बैठक ठरलेली असते, वहीही असते. तिथे हप्ता भरताना बीपी मोजलं जातं आणि गोळ्या संपत आलेल्यांची नावं आशाताईंकडे जातात. पुरुष बैठकीला येत नाहीत, पण घरच्या बाईमार्फत त्यांची पाकिटं येतात. वहीत नावासमोर आकडा आणि उरलेल्या गोळ्या, एवढंच लिहा. वही एकीच्याच ताब्यात राहू दे, चारचौघींत फिरवू नका.

मीठ आणि मशेरी

नारळ बंद, मासे बंद, भात बंद, ओट्स खा, असली यादी कोकणात वाटू नका. ताजा बांगडा आणि तारली हे स्वस्त आणि हृदयाला चांगले मासे आहेत, कढीत खा, फक्त रोज तळू नका. खोबरं हात राखून. खरी अडचण मिठाची आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरे, म्हणजे लहान चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, खारवलेली मच्छी सगळं आलं. हे चमच्याने समजत नाही, पाकिटाने समजतं. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायला सांगा. घरात चार माणसं असतील तर ते निदान ५० दिवस पुरायला हवं. महिन्यात संपलं तर बाईला स्वतःलाच कळतं, भाषण लागत नाही.

खारवलेला बांगडा पाण्यात भिजत घालून ते पाणी टाकायचं, परत भिजवायचं, आणि त्या सारात वरून मीठ घालायचं नाही. पेजेबरोबर लोणचं किंवा सुकट यातलं एकच, दोन्ही एकदम नको. सैंधव घेतलं म्हणून सूट नाही, तेही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मशेरीबद्दल बायकांशी वेगळं बोला, पुरुषांसमोर नको. ती भाजलेली तंबाखू आहे, दात घासायची पूड नव्हे. बिडीएवढंच गंभीरपणे घ्या.

छातीत कळ आली तर

छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप. बायकांत आणि साखर असलेल्यांत कधी नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं. आपल्याकडे यावर आधी कोकमाचं आगळ, ओवा, सोडा होतं आणि तास-दोन तास जातात. पित्त आहे की हृदय हे घरात बसून कुणालाच सांगता येत नाही, ईसीजी लागतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं. म्हणून १०८ ला फोन लावायचा, आणि गाडी पोहोचायला वेळ लागणार असेल तर वाडीतली गाडी काढायची. माणसाला पाखाडीवरून चालवत न्यायचं नाही, खुर्चीत बसवून उचलायचं. शेजाऱ्याकडची जिभेखालची गोळी मनाने द्यायची नाही. अॅस्पिरिन चघळायला द्यायची का, तेही फोनवर डॉक्टरांना विचारून.

रात्री ईसीजी आणि ते इंजेक्शन आपल्या जवळ नक्की कुठे मिळतं, हे आजच जाऊन विचारून या. ते नाव, १०८, आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर देवळाच्या आणि दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. कागद चिकटवू नका, पावसात जातो.

पावसाआधी

आगोटीची बेगमी करताना गोळ्याही त्यात धरा. ओढ्यापलीकडच्या घरांसाठी जास्तीच्या गोळ्या मिळतील का, हे उपकेंद्रात मे महिन्यातच विचारा, जूनमध्ये नाही. साकव पाण्याखाली गेला की तिकडची मोजणी बंद पडते, तेव्हा एक मशीन पलीकडच्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे ठेवा, तिच्याकडून आधी दहा-बारा जणांचं बीपी तुमच्यासमोर मोजून घ्या, आणि आकडे तिने आशाताईंना फोनवर कळवायचे असं ठरवा.