बंगल्यापुढं झाडं लावताय? लॉन सोडा, पाचट आणा

सांगली-मिरजेत नवीन बंगला झाला की पुढं लॉन आणि कंपाउंडला लागून कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडांची रांग, हे आता ठरल्यासारखंच झालंय. कळकळीनं सांगते, करू नका. लॉनला उन्हाळाभर सारखं पाणी लागतं, आणि कोनोकार्पसची मुळं पाइपलाइनपर्यंत पोचतात, गुजरातच्या वनखात्यानं तर २०२३ मध्येच त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडं बहावा आहे, कांचन आहे, करंज आहे, नळाजवळ कायम ओल असेल तर तिथं ताम्हण छान होतं. आडोशाला अडुळसा लावा, शेळ्या तोंड लावत नाहीत.

खड्डा मे महिन्यातच काढा, दोन बाय दोन बाय दोन फूट, उन्हात चांगला तापू द्या. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की लागवड. काढलेलीच माती आणि दोन पाट्या कुजलेलं शेणखत, बास. काळ्या रानात पाणी साचतं म्हणून भर जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवा. पिशवी ब्लेडनं फाडा आणि मुळं बघा, तळाला गोल गुंडाळलेली असली तर बिनधास्त कापा, नाहीतर झाड पुढं त्याच वेटोळ्यात अडकतं. खोड मातीत गाडायचं नाही.

आता पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ऊस तुटला की लोक रानातच पेटवून देतात तेच, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं तर सहसा असंच देतो. आळ्यात चार-सहा इंचाचा थर पसरा, खोडापासून वीतभर लांब. मे महिन्यात भर दुपारी थर सारून बघा, खाली माती गार आणि ओलसर, आणि शेजारच्या उघड्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा! कुजून थर बसला की नवीन टाका. वाळवी दिसली तर निंबोळी पेंड.

पाणी रोज शिंपडू नका, मुळं वरवरच राहतात. आठवड्यातनं एकदा-दोनदा पण भरपूर द्या, आणि झाड वाढेल तसं आळं बाहेर सरकवत न्या, पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, लांब फांद्यांच्या टोकाखाली असतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट तर अजिबात नको, झाडाचा श्वासच बंद होतो.

जमीन चोपण म्हणजे खारवट असेल, वर पांढरं फुटत असेल तर आधी माती परीक्षण करा. करंज, कडुनिंब तिथंही तग धरतात, आणि दोन-तीन उन्हाळे निघाले की त्यांना सहसा पाणी घालावं लागत नाही.