इंग्लंडातल्या घरासाठी छतावरचा एरियल कसा निवडावा

इंग्लंडात घर घेतलं की बॉयलर, कुंपण, गवत यांच्यामागे धावताना छतावरचा एरियल राहूनच जातो. मग एखाद्या शनिवारी मॅच लावावी, तर पडद्यावर नुसते चौकोन. फ्रीव्ह्यूवर (एरियलमधून येणारी इथली टीव्ही सेवा) बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ वगैरे दरमहा वर्गणी न भरता दिसतात, पण त्यासाठी एरियल धड हवा. (थेट प्रक्षेपण बघायला टीव्ही लायसन्स लागतंच. मराठी वाहिन्या यावर येत नाहीत.)

दुकानात शिरण्यापूर्वी एक ऐकून ठेवा: ‘डिजिटल एरियल’ असा काही वेगळा प्रकार नसतो. लहरी पूर्वीच्याच, यूएचएफच्या (टीव्हीसाठी वापरतात तो रेडिओ लहरींचा पट्टा). डिजिटल असतो तो टीव्हीतला ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडून चॅनल लावणारा भाग. खोक्यावर ‘डिजिटल’ किंवा ‘फोर-के’ छापलेलं दिसलं, तर त्याचे जादा पैसे मोजू नका.

१. आधी टीव्ही प्रक्षेपणाचा टॉवर शोधा. फ्रीव्ह्यूच्या वेबसाइटवर पोस्टकोड आणि घर नंबर टाकला की तुमचा टॉवर कोणता ते कळतं. मग रस्त्यावर उभं राहून शेजाऱ्यांची छपरं बघा. बहुतेकांचे एरियल एकाच दिशेला तोंड करून असतील. गोल डिश मात्र मोजू नका, त्या उपग्रहाच्या असतात आणि देशभर आग्नेयेकडेच बघतात.

२. आडवा की उभा? मोठ्या टॉवरसाठी एरियलच्या काड्या बहुधा आडव्या ठेवतात, छोट्या रिलेसाठी बहुधा उभ्या. रिले म्हणजे मोठ्या टॉवरचा सिग्नल जिथे डोंगराआड अडतो तिथली जोडणी. १९७३ साली सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात पोचलं ते असंच. आडव्याला उभा लावलात तर सिग्नलचा मोठा हिस्सा वाया जातो.

३. ग्रुप तपासा. इथेच बहुतेकांची फसगत होते. यूएचएफ पट्ट्याचे तुकडे पाडून एरियलचे ग्रुप ठरवले आहेत: ए, बी, सी/डी, के, डब्ल्यू. पूर्वी टीव्हीचे चॅनल २१ ते ६८ होते. मोबाइलसाठी वरचा भाग दोनदा काढून घेतला, दुसऱ्यांदा २०२० मध्ये, आणि आता टीव्हीला २१ ते ४८ उरलेत. म्हणजे छतावर जुना सी/डी ग्रुपचा एरियल असेल, तर तो ज्या पट्ट्यासाठी बनवला त्यातला बराचसा आता मोबाइलवाल्यांकडे आहे. डब्ल्यू ग्रुपचा ‘सगळं पकडणारा’ एरियल तो मोबाइलचा गोंगाटही गोळा करतो. टॉवरचा ग्रुप माहीत असेल तर तोच घ्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस टॉवरला ए चालतो. नक्की कळत नसेल तर के घ्या.

४. आकार. मोठा तो चांगला, हे इथे खरं नाही. आमच्या घरापासून क्रिस्टल पॅलेस जेमतेम पाच मैलांवर, तरी विक्रेत्याचं ऐकून मी भलामोठा हाय-गेन (क्षीण सिग्नलही ओढून घेणारा) एरियल आणला, वर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायरही. चित्र पूर्वीपेक्षा जास्त फुटायला लागलं! सिग्नल अति झाला की ट्यूनर गुदमरतो, आणि लक्षणं कमी सिग्नलसारखीच दिसतात. ॲम्प्लिफायर काढला आणि चित्र ताळ्यावर आलं. टॉवर जवळ असेल तर लहानसा लॉग-पिरिऑडिक पुरतो: त्रिकोणी दिसतो, वारा कमी धरतो. मध्यम अंतराला दहाएक काड्यांचा यागी, म्हणजे एका दांड्यावर ओळीने काड्या असलेला नेहमीचा एरियल. लांबलचक हाय-गेन फक्त दूरच्या किंवा दरीतल्या घरांना.

५. केबल. जुनी तपकिरी केबल सरळ बदला. ७५ ओहमची, तांब्याची फॉइल आणि तांब्याचीच जाळी असलेली, डब्ल्यूएफ १०० प्रकारची मागा. भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल.

६. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी. खरंच गरज असेल तर तो एरियलजवळ, खांबावर बसवा. टीव्हीमागे लावलात तर केबलमध्ये सिग्नल क्षीण झाल्यावर त्याच्यासोबत गोंगाटही वाढवून मिळतो.

७. छतावर स्वतः चढू नका. इथली छपरं उतरती असतात, शेवाळ धरलेली. माणूस बोलवा. टॉवर जवळ असेल तर एरियल माळ्यावर बसवूनही भागतं. कौलांखाली सिग्नल बराच कमी होतो आणि चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन असेल तर तो नाद सोडा. भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला विचारा. फ्लॅट असेल तर इमारतीचा सामाईक एरियल आहे का, याची चौकशी करा.

बसवून झालं की टीव्हीच्या मेनूतला सिग्नल बघा, ‘स्ट्रेंग्थ’पेक्षा ‘क्वालिटी’कडे जास्त लक्ष द्या. गावाकडे कौलांवर अँटेना फिरवताना मुंग्या कमी-जास्त व्हायच्या आणि खालून ‘थांब, थांब!’ अशी आरोळी यायची. इथे मुंग्याच नाहीत. चित्र लख्ख असतं, नाहीतर फुटतं, त्यामुळे काठावरचा सिग्नल आज दिसतो आणि वादळी रात्री जातो. क्वालिटी खालीवर होत असेल तर माणूस शिडीवरून उतरण्यापूर्वीच एरियल थोडा इकडेतिकडे फिरवून घ्या, मग चॅनल रिट्यून करा.