मत द्यायचं की नाही ते मग ठरवा, आधी यादीत नाव बघा

मी अकरा वर्षं बीएलओ, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारयादीचं काम बघणारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, होते. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं आणि शाळा सुटली की मतदारयादी पिशवीत घालून जावळी तालुक्यातल्या वाड्या पालथ्या घालायच्या. दारात उभं राहिलं की कुणीतरी विचारायचंच, "बाई, मत द्यायची सक्ती आहे का?"

सक्ती नाही. राज्यघटनेच्या ५१क कलमात ११ मूलभूत कर्तव्यं दिली आहेत, त्यांत मतदान नाही. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी मतदान सक्तीचं करून पाहिलं, पण २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा मत देणं न देणं तुमच्या मर्जीवर, हे मी दारादारांत सांगत आले. मात्र यादीत नाव नसेल तर ती मर्जीही तुमच्याकडे उरत नाही. म्हणून नाव नीट ठेवणं हे मी कर्तव्यच मानते आणि ते कसं करायचं तेवढं इथे सांगते.

कपाटात ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. नाव निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर शोधा, १९५० ला फोन करा, नाहीतर सरळ तुमच्या बीएलओला गाठा. हे निवडणुकीच्या तोंडावर करू नका. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला तर विधानसभेचीच, आधी ठरवलेल्या तारखेची यादी वापरतात. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर ओळखपत्र हातात धरून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्या वेळी कुणालाच काही करता येत नाही.

सगळ्यात जास्त नावं अडकतात ती सुनांची. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "तिचं मत माहेरी आहे, पाटणला. मतासाठी एवढं कोण जातंय?" लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या पोरीच्या दोन निवडणुका तशाच गेल्या होत्या. ओटीवर बसून आम्ही दोघींनी आठ नंबरचा फॉर्म भरला. हात पिठाचे होते म्हणून तिने ते पदराला पुसले आणि एकेक अक्षर जपून काढलं. मधेच थांबून हळूच विचारलं, "बाई, पुढे वडिलांचंच नाव राहिलं तर चालेल?" चालतं. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. "रहिवास बदलला" या चौकटीत खूण केली, जुन्या ओळखपत्राचा नंबर लिहिला आणि सासरचा पत्ता असलेलं आधार जोडलं. झालं काम.

इथे पुष्कळ जण सहा नंबरचा फॉर्म भरतात, ती चूक करू नका. सहा नंबर पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. आधी कुठे नाव असताना तो भरलात तर दोन ठिकाणी नाव लागतं. शिवाय नाव कुठेच नाही असं त्यात लिहून द्यावं लागतं आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईला राहणारे आमचे चाकरमानीही विचारतात, "नाव गावाला ठेवू की तिकडे?" गावात नुसतं घर आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असं कायदा म्हणतो. राहता तिथे नाव ठेवा. गावची ओढ मला कळते, पण तुमचं पाणी, रस्ता, पोरांची शाळा तिकडे आहे. आणि तिकडचं एक मत हलकं समजू नका. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला.

घरात ८५ वर्षांपुढचं कुणी असेल किंवा ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असेल, तर १२ड फॉर्म भरून लोकसभा-विधानसभेला घरी मत देता येतं. अधिसूचना निघाल्यापासून पाचच दिवस मिळतात, तेव्हा बीएलओला आधीच सांगून ठेवा.

आता केंद्रावरचं. ओळखपत्र हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक यांतलं काहीही चालतं. बटण दाबल्यावर लगेच वळू नका. शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचा. कुणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण नोटाचं, २०१३ पासून आहे. नोंदवहीत सही केल्यावर मत द्यायचंच नाही असं वाटलं, तर तसं केंद्राध्यक्षांना सांगा. ते नोंद करून घेतात आणि तुमची सही-अंगठा घेतात. घरी बसून राहण्यापेक्षा मला हा नकार मोलाचा वाटतो. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मुकाट्याने परत फिरू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ती तुम्हाला द्यावीच लागते, तिच्यावर शिक्का मारून मत देता येतं.

उशीर झाला म्हणूनही घरी थांबू नका. वेळ संपायच्या आत जे रांगेत आले, त्या सगळ्यांचं मत घेतात. एकदा मी केंद्रावर ड्युटीला होते. सहाला चार मिनिटं असताना एक माणूस शेतातून तसाच, चिखलाच्या पायांनी धावत आला. सहा वाजले तसे आम्ही सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. त्या रांगेच्या शेवटापासून वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. एक नंबरची चिठ्ठी त्याच्या हातात पडली. पुढे एकवीस जण होते. त्याने मत दिलं तेव्हा सात वाजत आले होते.