व्यभिचार हा शब्द कुठे वापरायचा, कुठे अजिबात नाही

पहिलं म्हणजे लिहायचं कसं, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. व्यभिचार. 'व्य'ला काना नाही. 'व्याभिचार' हे चूक, आणि हे मी रोज बघते, मुद्रितशोधनाचं काम करते त्यामुळे. लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी की 'वि'च्या पुढे 'अ' आला की 'व्य' होतो आणि 'आ' आला की 'व्या'. व्याकरण, व्याख्यान, व्यायाम यांत वि आणि आ आहे म्हणून तिथे काना लागतो. इथे वि + अभि आहे, म्हणून व्यभि. व्यवहारमधे वि + अव आहे, तिथे आपण काना देतो का? नाही ना, मग इथेही नको.

आता अर्थ. वि, अभि आणि चर. चर म्हणजे चालणं, फिरणं, आचार विचार संचार प्रचार सगळ्यांत हाच बसलाय. व्यभिचार म्हणजे ठरलेली वाट सोडून चालणं. आपल्याकडे बायका बोलताना म्हणतात ना, तिचं पाऊल वाकडं पडलं, तेच चित्र आहे हे, फक्त संस्कृतात. म्हणजे या शब्दाला आधी एक ठरलेली वाट लागते, कुणाला तरी दिलेला शब्द लागतो, तो मोडला तर व्यभिचार. माझ्या मते हा शब्द वापरायची सगळ्यात चांगली कसोटी हीच आहे. दिलेला शब्द कुठला आणि तो कुणी मोडला, हे सांगता येत नसेल तर हा शब्द लिहूच नका. दोन अविवाहित माणसं आपल्या मर्जीने एकत्र राहतायत, तुम्हाला ते पटत नसेल, ठीक आहे, पण त्याला व्यभिचार म्हणता येत नाही कारण मोडायला काही वचनच नाहीये तिथे.

जुन्या शास्त्रांत हाच शब्द बिनबदनामीचा वावरतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव आहेत, त्यांनाच संचारी भावही म्हणतात. स्थायी भाव 8, ते मुक्कामाला असतात, आणि हे 33 येऊन जाऊन असतात, रसाच्या दिशेने नाना तऱ्हांनी फिरतात म्हणून व्यभिचारी. शंका, चिंता, ग्लानी, असूया हे सगळे त्यातले. आणि त्याच यादीत व्रीडा पण आहे, व्रीडा म्हणजे लाज! लाजणं हा व्यभिचारी भाव, आणि त्यात कुणाचं काही वावगं नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी पेपरात बिनधास्त लिहावं. न्यायशास्त्रातही, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातही, आहे. धूर दिसला म्हणजे विस्तव असणार हे बरोबर, पण विस्तव आहे म्हणजे धूर असणारच असं म्हणाल तर फसाल. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या, त्यात आग आहे पण धूर नाही. तिथे हेतूने, म्हणजे ज्यावरून अंदाज बांधला त्या विस्तवाने, साध्याची, म्हणजे ज्याचा अंदाज बांधला त्या धुराची, साथ सोडली, याला नैयायिक, म्हणजे या शास्त्राचे जाणकार, व्यभिचार म्हणतात. आणि गीतेत 13व्या अध्यायात 'अव्यभिचारिणी' भक्ती येते, म्हणजे इकडे तिकडे न ढळणारी. कीर्तनात हा शब्द आला की दचकू नका.

कायद्यातलं थोडक्यात सांगते. भारतीय दंड संहितेचं 497 कलम होतं, 5 वर्षांपर्यंत शिक्षा, पण ती फक्त दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला आणि ती पण त्या बाईच्या नवऱ्याची संमती नसेल तरच. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, म्हणजे बायको त्याच्या मालकीची असल्यासारखं. आणि ज्या बाईच्या नवऱ्याने हे केलं तिला तक्रार करायची सोयच नाही. 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या 5 न्यायाधीशांच्या पीठाने हे कलम रद्द केलं, आणि 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात तो गुन्हा नाहीच. त्यामुळे आजच्या बातमीत 'व्यभिचाराचा गुन्हा दाखल' असं लिहिलं की ते चूक. पण घटस्फोटासाठी कारण म्हणून तो अजून आहे, हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13. म्हणून 'व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट' हे वाक्य अगदी बरोबर.

आता जिथे अजिबात वापरायचा नाही ते. एकदा रात्री उशिरा माझ्याकडे पान आलं, त्यावर एका कोपऱ्यात दोन कॉलमी बातमी, हेडिंग होतं 'अल्पवयीन मुलीशी व्यभिचार'. मी लाल पेन घेतलं आणि तो शब्द इतका जोरात खोडला की कागद फाटला. व्यभिचारात दोघांची मर्जी असते. जिथे जबरदस्ती आहे, किंवा पोर लहान आहे, तिथे तो लैंगिक अत्याचार, बलात्कार. व्यभिचार लिहिलात की त्या पोरीलाही तुम्ही त्यात सामील केलं. त्या रात्री हेडिंग बदललं, पण असे शब्द अजून येतात आणि दर वेळी तितकाच त्रास होतो.

दुसरं एक हेडिंग तर आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे, 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' नाहीतर 'अनैतिक संबंधातून खून'. पहिल्यात निदान संशय हा शब्द आहे. दुसऱ्यात मारणाऱ्याचं म्हणणं बातमीने खरं धरून टाकलं, आणि मेलेली बाई उत्तर द्यायला येणार नाही. संशय होता तर कुणाचा होता ते लिहा, 'पतीने संशय घेऊन पत्नीला मारलं'. संबंध खरोखर सिद्ध असतील तर 'विवाहबाह्य संबंध' म्हणा, त्यात माहिती आहे आणि निवाडा नाही. बोलताना लफडं, भानगड चालतं, अर्जात किंवा बातमीत नाही.

याचे भाऊबंद पण नीट पारखून घ्या. बाहेरख्याली, ख्यालीखुशालीतला ख्याल तोच हा, आणि तो जवळजवळ कायम पुरुषाला लागतो, रंगेल पण तसाच, दोन्ही म्हणताना लोक अर्धवट हसतात. बदफैली जरा कडक, फारसीतून आलेला, वाईट कृत्य करणारा. पण बाईसाठी शब्द काढले की चवचाल, उठवळ, आणि त्याच्या खालचे जे मी इथे लिहिणार नाही. एकच गोष्ट, पुरुषाला शब्द मखमलीचा आणि बाईला दगडाचा. छांदोग्य उपनिषदात अश्वपती राजा सांगतो की माझ्या राज्यात चोर नाही, दारुडा नाही, स्वैरी पुरुष नाही, मग स्वैरिणी कुठून असणार? त्याने मोजणी पुरुषापासून सुरू केली. स्वैर म्हणजे मूळात आपल्या मर्जीने चालणारा, स्वैर अनुवादात आजही त्याला डाग नाही, स्वैराचारात मात्र आहे, आणि स्वैरिणीत तर आहेच.

तर लिहिताना शक्यतो माणसाला नाव ठेवू नका, कृती सांगा. 'तो व्यभिचारी आहे' यापेक्षा 'लग्न झालेलं असताना त्याचे दुसरीकडे संबंध होते' हे जास्त खरं आणि कोर्टातही तेच टिकतं. व्यभिचारी लिहायचंच असेल तर नवरा असो की बायको, रूप बदलत नाही, व्यभिचारी नवरा, व्यभिचारी बायको. नाम म्हणून आलं की अधिकाऱ्यासारखं चालवायचं, व्यभिचाऱ्याला, व्यभिचाऱ्याचा. बाईसाठी व्यभिचारिणी हे वेगळं रूप कोशात आहे, मला आलेल्या मजकुरात ते दिसलं की मी पानाच्या समासात प्रश्नचिन्ह काढते आणि लिहिणाऱ्याला फोन करून विचारते की त्या पुरुषासाठी बातमीत कुठला शब्द घातलाय.