गोल्फ स्विंग रोज सारखा यायचा असेल तर आधी रांगोळी आणा

एक शॉट मस्त सरळ अन पुढचा कुठं जाईल देवालाच माहीत, असं होऊन राहिलं असेल तर ड्रायव्हर (लांब मारायचा मोठा क्लब) बॅगेतच ठेवा काही दिवस. रेंजवर (प्रॅक्टिसच्या मैदानावर) बकेटभर बॉल धडाधड हाणले की प्रॅक्टिस झाली असं बरेच जण समजतात, त्यानं फक्त घाम निघतो.

सेव्हन आयर्न घ्या, म्हणजे लोखंडी डोक्याचा मधल्या अंतराचा क्लब. आयर्नचा क्लब आधी बॉलला अन मग जमिनीला लागला पाहिजे, अन हा जमिनीला लागायचा पॉइंट मागंपुढं पळतो म्हणूनच कधी फॅट होतो (क्लब बॉलच्या आधी जमिनीत) कधी टॉप (बॉलच्या वरच्या भागाला). तो पाहायचा सोपा उपाय म्हणजे रांगोळी. मोकळ्या जागी (फेअरवेवर, म्हणजे कोर्सच्या कापलेल्या गवतावर, नका करू बाप्पा, माळी मागं लागेल) टार्गेटला काटकोनात हातभर रेघ ओढा, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा अन बॉल न ठेवता स्विंग करा. माती रेघेवर किंवा रेघेच्या टार्गेटकडच्या बाजूला उडाली तर बरोबर. रेघेच्या मागं उडाली तर बहुतेक वजन मागच्याच पायावर राहून राहिलं. मग थोडं सरकून पुन्हा, रेघ संपेपर्यंत. रेंजच्या मॅटवर हे समजत नाही, कारण क्लब मागं आदळला तरी घसरत जाऊन बॉलला लागतो अन शॉट बरा वाटतो.

सुरुवात हाफ स्विंगनं करा, हात कमरेपर्यंतच. मनात एक-दोन-तीन म्हणत क्लब मागं न्या अन चारला बॉल, खाली यायची घाई नको. बॉल पडेपर्यंत पुढच्या पायावर तोल धरून उभं राहता आलं नाही तर जोर जास्त लागून राहिला.

शेवटचे दहा बॉल मात्र दरवेळी क्लब अन टार्गेट बदलून मारा, प्रत्येक वेळी मागं येऊन नव्यानं उभं राहून. हे बोर होते, पण कोर्सवर एकाच जागेवरून वीस बॉल कोणी देत नाही.

मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या आसपास, तेव्हा सकाळी सहालाच जा, ग्रिप घामानं घसरली की आपण ती आवळतो अन स्विंगच बदलतो, जास्तीचा ग्लव्ह अन टॉवेल ठेवाच. पावसाळ्यात काळी माती क्लबला अशी चिकटते की रेघेचं काही समजत नाही, तेव्हा छताखाली नेट लावा अन क्लबच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर) टाल्कम पावडर चोळा, बॉल मधोमध लागला का टो-कडे (बाहेरच्या टोकाला) का हीलकडे (दांड्याच्या बाजूला) ते ठशावरून दिसते.